काळं अंडं आणि पानाची डावी बाजू

तैवानमधल्या साध्यासुध्या नूडल्सच्या दुकानात शिरलं की भिंतीकडेला एक काचेचं थंडगार कपाट दिसतं. त्यात लहान लहान बश्या मांडलेल्या असतात. आपल्याला हवी ती बशी आपणच उचलायची, टेबलावर आणायची आणि तिचे वेगळे पैसे मोजायचे. त्या बश्यांमध्ये एक बशी बहुतेक ठिकाणी असतेच. मऊ पांढऱ्या टोफूचा थंड ठोकळा, त्यावर अंड्याच्या चार फोडी, दाट गोडसर सोया सॉस, थोडं तिळाचं तेल, कांद्याची पात आणि वर सुक्या माशाचे कागदासारखे पातळ पापुद्रे. इथपर्यंत कोणाची काही हरकत असू नये. हरकत येते ती अंड्याच्या रंगाला. जे पांढरं असायला हवं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि आरपार दिसणारं असतं, आणि जे पिवळं असायला हवं ते काळपट हिरवं. ह्या अंड्याला तिकडे पीदान म्हणतात. इंग्रजीत त्याला शंभर वर्षांचं अंडं म्हणतात, पण इंग्रजांना परक्याच्या जेवणाचं वय वाढवून सांगायची सवयच आहे. प्रत्यक्षात ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तयार होतं.

हा पदार्थ आमच्या रत्नागिरीच्या घरात आला तो मोबाइलमधून. आमचा पुतण्या बोटीवर असतो. बोट काओशुंग बंदराला लागली होती तेव्हा त्यानं ही बशी खाल्ली, आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे खाण्याआधी तिचा व्हिडिओ काढला. मे महिन्यात सुट्टीवर आल्यावर तो त्यानं माईला दाखवला. माई म्हणजे माझी थोरली काकू, त्याची आजी. घरातल्या खाण्यापिण्याच्या सगळ्या खटल्यांचा निकाल तीच देते आणि त्यावर अपील नसतं.

माईनं चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"मेल्या, हे नासलंय."

"नासलेलं नाय गो आजी. मुद्दाम करतात तसं."

"मुद्दाम नासवतात?"

"मुरवतात."

"मुरवायला ते लोणचं आहे काय? अंडं आहे ते! आणि तू ते खाल्लंस? आईला सांगितलंस काय?"

आता हा निकाल माईनं कुठे बसून दिला तेही नोंदवून ठेवलं पाहिजे. ती पडवीत बसली होती. समोर खळ्यात दोरीवर बोंबील वाळत होते. शेजारी जुन्या धोतरावर जवळा पसरला होता आणि त्याच्यावर नजर ठेवायला एक नातू काठी घेऊन बसवला होता, पण मांजर हाकलण्याऐवजी तो स्वतः कैरी खात बसला होता. माटवावर आंबोशी पडली होती. ओटीच्या कोपऱ्यात नुकत्याच भरलेल्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात फणसाचे कच्चे गरे बुडाले होते, दुसऱ्या बरणीत कैऱ्या. स्वयंपाकघरात खारवलेल्या बांगड्यांचं मडकं होतं. त्या पडवीत बसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या अंड्याला नासकं म्हणायचं, म्हणजे नाकाचं धैर्यच मोठं.

कोकणात ह्या सगळ्याला आगोटीची बेगमी म्हणतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच उरकून घेतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी ओढून, झाकून उभ्या असतात. पूर्वी तर साकव वाहून गेला की बाजारही पलीकडेच राहायचा. मग घरात जे असेल ते खायचं. त्यामुळे कोकणी माणूस मे महिन्यात जगातली प्रत्येक वस्तू मीठ लावून, उन्हात टाकून किंवा बरणीत कोंबून बघतो. वाळत घातली आणि टिकली, तर ती खाद्यवस्तू. नाही टिकली, तर ती मुंबईच्या पाहुण्यांना ताबडतोब वाढायची.

पाहुणे जाताना सुकट घेऊन जातात हा आणखी एक भाग. आधी कागदात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत, मग सगळ्याला गाठ, मग कपड्यांच्या बॅगेत तळाशी. तरी गाडी चिपळूण सोडायच्या आत अख्ख्या डब्याला कळलेलं असतं. डब्यातले निम्मे लोक नाकाला रुमाल लावतात. उरलेले निम्मे मायेनं विचारतात, "सोडे काय भावानं मिळाले?"

तर माईचा निकाल लागला, पण मी रसायनशास्त्रात जरा डोकावलो आणि खटल्याला वेगळंच वळण लागलं. पीदान करायची जुनी रीत अशी. चुना, सोड्याचा क्षार, लाकडाची राख, मीठ, चहाचा काढा आणि माती यांचा चिखल करायचा. बदकाची कच्ची अंडी त्यात घोळवायची. मग अंडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती भाताच्या तुसात लोळवायची आणि माठात रचून ठेवायची. चुना आणि सोडा ओलाव्यात भेटले की त्यांच्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो. तो कवचातून हळूहळू आत झिरपतो. अंड्याचा सामू ९ ते १२ पर्यंत चढतो आणि चुलीवर न ठेवताच पांढरं गोठून जेलीसारखं होतं. पिवळ्यातलं गंधक सुटतं, लोहाशी जुळतं आणि हिरवा-काळा रंग येतो. गंधकाबरोबर अमोनियाही असतो, म्हणून तो वास. उत्तम जमलेल्या अंड्याच्या पृष्ठभागावर पाइनच्या डहाळीसारखी पांढरी नक्षी उमटते आणि जाणकार ती बघून पैसे जास्त देतात. पूर्वी काही ठिकाणी काम लवकर व्हावं म्हणून त्यात शिशाचं ऑक्साइड घालत. आता ते बंद करून वेष्टनावर 'बिनशिशाचं' असं छापतात. एवढं वाचूनही कोणाला घरी प्रयोग करावासा वाटला, तर कॉस्टिक सोड्यानं हाताची कातडी जाते हे आधी लक्षात घ्यावं.

आता ह्या यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. चुना माईच्या पानाच्या डब्यात आहे, तोही एके काळी आमच्याकडे शिंपले भाजून केलेला असायचा. सोडा? उडदाच्या पापडाला पापडखार लागतो, तो सोड्याचाच घरातला नातेवाईक. राख? कडधान्याला भुंगा लागू नये म्हणून राख चोळून ठेवतात. भाताचं तूस गोठ्याशेजारी ढिगानं. चहा तर विचारूच नका, माईच्या घरी तो दिवसभर उकळतच असतो. म्हणजे तैवानच्या त्या काळ्या अंड्याची अख्खी सामग्री रत्नागिरीच्या घराघरांत हजर आहे. कमी होतं ते एवढंच, की कोणाला दुर्बुद्धी सुचली नाही.

हे मी माईला सांगितलं. ती म्हणाली, "पापडखार पापडात घालतात. अंड्यावर कोण घालतो?"

"माती लावून ठेवायची, हे तरी?" मी विचारलं.

ह्यावर ती गप्प झाली. कारण खाटेखाली आठळ्या होत्या. फणसाच्या आठळ्यांना लाल मातीचा चिखल फासायचा, सुकवायचं आणि कोरड्या कोपऱ्यात ढीग लावून ठेवायचा, म्हणजे आषाढ-श्रावणात भाजून खाता येतात किंवा भाजीत घालता येतात. वस्तू खाण्याजोगी राहावी म्हणून तिला चिखल लावायचा, ह्या कल्पनेपर्यंत चिनी माणूस आणि कोकणी माणूस वेगवेगळ्या वाटांनी पोचले. एकानं चिखलात अंडं ठेवलं, दुसऱ्यानं आठळी. आणि बरणीला तर आपण उघड उघड चिनी मातीची म्हणतो. आतल्या मालाबद्दल इतका सोवळेपणा कशाला?

पीदानच्या जन्माची एक दंतकथा आहे. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी, मिंग राजांच्या काळात, हुनान प्रांतात कोणी घर बांधत होता. गिलाव्यासाठी भिजवलेल्या चुन्याच्या खड्ड्यात बदकांनी अंडी घातली. दोनेक महिन्यांनी त्याला ती सापडली. त्यानं फोडली, चाखली, आवडली, आणि मीठ घालून पुन्हा करून पाहिली.

मी ही कथा रत्नागिरीत घडल्याची कल्पना करून पाहिली. चुन्याचा खड्डा गडग्याला लागून. अंडी सापडली. ताबडतोब गडग्यापलीकडून आवाज आला असता, "कोंबडी आमची हो!" अलीकडून उत्तर, "चुना आमचा." मग खड्डा सामायिक असल्याचं तिसऱ्या भावानं मुंबईहून पत्रानं कळवलं असतं. सातबारा निघाला असता. गडगा मूळ कुठे होता ह्यावर पंचनामा झाला असता आणि अंडी मुद्देमाल म्हणून जशीच्या तशी जपून ठेवण्याचा आदेश निघाला असता. दिवाणी दाव्यात वारस लागले असते, वारसांना वारस लागले असते, आणि शंभर वर्षांचं अंडं हे नाव जगात फक्त आमच्याकडे खरं ठरलं असतं.

तसं वयाच्या बाबतीत आम्ही काही मागे नाही. माईच्या फडताळात सर्वांत मागे एक बुटकी बरणी आहे. तिच्यात लिंबाचं लोणचं आहे. मुळात ते पिवळं होतं असं म्हणतात. आता ते डांबराच्या रंगाचं आहे, फोडी कुठल्या आणि खार कुठला हे कळत नाही. त्याचं वय सालांत मोजत नाहीत, घरातल्या कार्यांत मोजतात. हे पुतण्याच्या बापाच्या मुंजीच्या वर्षी घातलेलं. ताप येऊन तोंडाची चव गेली, पोटात मळमळलं, की चमच्याच्या टोकावर तेवढं मिळतं, आणि देताना माई देवघरातलं तीर्थ दिल्यासारखी दोन्ही बाजूंना बघते. काळं, जुनं आणि उग्र. पण त्याला नासलं म्हणायची हिंमत घरातल्या जावयालाही झालेली नाही.

परक्याच्या पानातलं काळं आणि आपल्या पानातलं काळं ह्यांत एवढा फरक जगभर करतात. २०११ साली सीएनएनच्या संकेतस्थळावर पीदान किळसवाण्या पदार्थांत घातलं गेलं. चीनमधल्या एका अंड्यांच्या कंपनीनं कडक निषेध केला आणि शेवटी दिलगिरीपर्यंत गोष्ट गेली. शेजाऱ्यांनीही सोडलेलं नाही. थायलंडात ह्या अंड्याचं रोजच्या वापरातलं नावच घोड्याच्या मुतातलं अंडं असं आहे. अमोनियाच्या वासावरून हा तर्क निघाला असणार, कारण घोड्याचा ह्या कामाशी काही संबंध नाही. हे नाव मी माईला सांगितलं तेव्हा तिनं पदर नाकाला लावला. घोड्याच्या जागी गाय असती, तर तिचा विरोध निम्म्यानं तरी कमी झाला असता असा माझा अंदाज आहे.

रत्नागिरीला पूर्वेकडचे उग्र वास अगदीच अपरिचित असतील असंही नाही. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. तो १९१६ साली इथेच वारला. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा १९१० च्या सुमाराला तयार झाला. त्याच्या रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला आपली एक शंका येते. ब्रह्मदेश म्हणजे मासे आणि कोळंबी मिठात आंबवून केलेल्या लगद्याचा मुलूख. त्यांच्या जेवणात तो जिथे तिथे. असा राजा जहाजातून उतरला, आणि समोर उन्हाळ्यातली रत्नागिरी, जिथे किनाऱ्यावर मैलभर मासळी सुकत पडलेली. राज्य गेलं, रत्नं गेली, हत्ती गेले, पण नाकाला तरी हद्दपारी जाणवली नसेल. शिक्षा देताना इंग्रजांनी वासाचा विचार केला नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या जेवणाला वासच नसतो.

आता टोफूकडे येतो. माईला अंड्यापेक्षा टोफूनं जास्त फसवलं. व्हिडिओत तो थरथरला तेव्हा तिचा चेहरा एकदम खुलला. "अगोबाई, खरवस!" कापलेल्या खरवसाइतकाच तो गुळगुळीत आणि हलता दिसतो, त्यात तिचा दोष नाही. पण तो सोयाबीनच्या दुधात जिप्समसारखा क्षार घालून गोठवतात, त्यात ना चीक, ना गूळ, ना वेलची, हे कळल्यावर ती चिडली.

"चव कसली असते मग त्याला?"

"चव अशी नसतेच, आजी."

"मग हलतंय कशाला एवढं?"

ह्या प्रश्नाला तैवानमध्येही कोणाकडे उत्तर असेल असं वाटत नाही. पण टोफूला चव नसणं हीच त्या बशीची खरी युक्ती आहे, आणि ती युक्ती आमच्याइतकी कोणाला कळायला नको. पानात एक वस्तू अशी असते जिच्यात काहीच नाही, म्हणून दुसरी अशी लागते जिच्यात सगळंच जरा जास्त आहे. रोजची पेज घ्या. नुसती पेज हे आजारपण आहे. तिच्याबरोबर भाजलेला बोंबील, खारातली मिरची नाहीतर जवळ्याची चटणी आली की जेवण होतं. चीनमध्येही तांदळाच्या पेजेत हेच काळं अंडं कापून घालतात, डुकराच्या मांसाबरोबर, आणि सकाळी सकाळी खातात. म्हणजे तिकडेही पेज आणि इकडेही पेज. भांडण फक्त तोंडीलावण्याचं.

आणि तोंडीलावण्याला मराठी पानात स्वतःची जागा आहे. उजवीकडे भाजी, आमटी, रोजचे जबाबदार पदार्थ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, खारातलं काहीतरी. उजवीकडच्या भाजीवर टीका करता येते, डावीकडच्याचं फक्त कौतुक करायचं असतं, कारण तिथे त्या घराची अनेक वर्षं वाढलेली असतात. तैवानमधली ती बशी नेमकी ह्याच डाव्या बाजूची आहे. फरक इतकाच, की तिथे डाव्या बाजूचे वेगळे पैसे पडतात. आमच्या खानावळीत लोणच्याची दुसरी फोड मागितली, तर पैसे पडत नाहीत, मालकाचा चेहरा पडतो.

ह्या सगळ्या चर्चेत पुतण्यानं एक मुद्दा काढला. म्हणाला, "आजी, तू चायनीज खातेस ना मांडवीवर? मग हे काय वाईट?" माई खाते हे खरं आहे. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलं की तिला मांचुरियन लागतं, कोरडं, वर कच्ची कोबी भरपूर. पण ते चिनी आहे हा मुद्दा मात्र टिकत नाही. मांचुरियन मुंबईत जन्मलं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची असं सगळं आपलंच घेतलं, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरनं दाट केलं. मांचुरियात ते कोणी ओळखणार नाही. तिथून ते गाडीवर आलं, गाडीवर लाल रंग आणि ड्रॅगन आला, आणि रत्नागिरीच्या गाडीवर पोचेपर्यंत त्यात नारिंगी रंगाशिवाय परकं असं काही उरलं नाही. गावानं त्याला घरात घेतलं ते असं, त्याचं सगळं बदलून झाल्यावर.

माईला हा इतिहास ऐकून काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. उलट तिचा चेहरा विचारात पडला. तिनं फोन पुन्हा मागून घेतला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. ह्या वेळी ती न्यायाधीश नव्हती, सुगरण होती.

"हे वर काय भुरभुरवलंय?"

"सुका मासा. कुप्याच्या जातीचा असतो. धुरावर धरून, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यानं तासतात. ती जपान्यांची सवय. जपान्यांनी तैवानवर पन्नास वर्षं राज्य केलं, १८९५ ते १९४५, त्यात राहून गेली."

"एवढी खटपट कशाला? भाजलेला जवळा घाला चुरून." पुतण्यानं मान डोलावली. "आणि हा काळा रस?"

"सोया सॉस. दाट, गोडसर."

"कोकमाचं आगळ घाल. गूळ जरासा. तिळाचं तेल नको, कच्चं खोबरेल चार थेंब. कांद्याची पात असू दे, तिला काही म्हणत नाही मी. वर ओलं खोबरं."

"तैवानमध्ये खोबरं घालत नाहीत, आजी."

"म्हणूनच तर असं दिसतंय ते." हे बोलून ती टोफूकडे वळली. सोयाबीनचा तो हलणारा ठोकळा तिला कोणत्याही परिस्थितीत मंजूर नव्हता. त्याच्या जागी मऊ भाताची मूद. साच्यातून काढलेली, म्हणजे उभी राहील. वाटलंच तर जरा हलवून द्यायची.

"आणि अंडं?" पुतण्यानं जपून विचारलं.

"अंडं ताजं. उकडून. गावठी असेल तर बरं. दोऱ्यानं काप, सुरीला पिवळं चिकटतं."

दोऱ्यानं कापणं हे तैवानमध्येही चालतं, पीदानचा बलक सुरीला घट्ट धरतो म्हणून. म्हणजे मूळ पदार्थातल्या दोन गोष्टी शिल्लक राहिल्या, कांद्याची पात आणि दोरा. पुतण्यानं हे सगळं लिहून घेतलं. शेजारचा एक मुलगा मांडवीवर गाडी लावतो, त्यालाही ते पसंत पडलं. मागच्या आठवड्यात त्याच्या फळ्यावर मांचुरियनच्या खाली खडूनं नवी ओळ आली आहे. 'स्पेशल तैवानी अंडा, हाफ / फुल.' माईनं फुल मागवलं आणि कोबी जास्त टाकायला सांगितली.